'वेअर' या शब्दाचे टिपण: चिनी भाषकांसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

चिनी भाषकांसाठी इंग्रजी शब्दांची टिपणे तयार करण्याच्या कामात आज 'वेअर', म्हणजे अंगावर घालणे, हा शब्द माझ्या वाट्याला आला. टिपणाचा आराखडा ठरलेला आहे: एका पानात शब्दाचा अर्थ, त्याचा वापर, नेहमी होणाऱ्या चुका आणि सरावासाठी थोडी वाक्ये. मजकूर मी पुण्यात बसून रचायचा आणि चेंगडूच्या सहकारी बाईंनी तो चिनीत लिहून काढायचा, अशी कामाची वाटणी आहे. त्यांचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असल्यामुळे आमचे बोलणे माझ्या सकाळी आणि त्यांच्या दुपारच्या जेवणाआधी होते.

या नोंदींत इंग्रजी आणि चिनी शब्द देवनागरीतच लिहीन. चिनी उच्चारांसाठी देवनागरी रोमनपेक्षा सोयीची पडते, कारण रोमन लिपीत जिथे 'डी' हे अक्षर लिहितात तिथे प्रत्यक्षात आपला 'त' ऐकू येतो आणि महाप्राण वेगळे दाखवायला आपल्याकडे 'थ', 'ख', 'छ' तयारच आहेत. चिनी शब्दांचे सूर, म्हणजे अर्थ ठरवणारी आवाजाची चढउतार, मात्र देवनागरीतही उतरत नाहीत. ते वाचणाऱ्याने गृहीत धरावेत.

चीनमधील शालेय पुस्तकांच्या शब्दयादीत 'वेअर' या शब्दापुढे सहसा दोन चिनी क्रियापदे दिलेली असतात, 'छ्वान' आणि 'ताय'. सदरा, विजार, स्कर्ट, मोजे, बूट यांना 'छ्वान' चालते. टोपी, चष्मा, घड्याळ, अंगठी, मास्क यांना 'ताय' लागते. 'छ्वान'चा मूळ अर्थ आरपार जाणे किंवा भोक पाडणे असा आहे, आणि सुईत दोरा ओवणे, रस्ता ओलांडणे यांसाठीही तेच क्रियापद येते. म्हणजे ज्यात शरीर शिरते ते 'छ्वान' आणि जे शरीरावर नुसते ठेवले जाते ते 'ताय', असा नियम मी उत्साहाने मांडला आणि हातमोज्यांनी तो लगेच मोडला. हात हातमोज्यात पूर्ण शिरतो, तरी हातमोज्यांना 'ताय'च म्हणतात. पायमोज्यांना मात्र 'छ्वान'. सहकारी बाईंचे म्हणणे असे की, मुख्य पोशाख तो 'छ्वान' आणि वरची जोड ती 'ताय', असे समजावे. हे अधिक पटते.

५ मार्च, बुधवार

कोणत्या वस्तूला कोणते चिनी क्रियापद लागते, याचा तक्ता वाढवण्यात दोन दिवस गेले. पट्ट्याला 'ची' म्हणजे बांधणे. टायला 'ची' किंवा 'ता', ज्याचा नेहमीचा अर्थ मारणे असा आहे. शालीला खांद्यावर टाकण्याचे स्वतंत्र क्रियापद. अत्तराला 'फन' म्हणजे फवारणे. दाढीला 'ल्यौ' म्हणजे ठेवणे किंवा राखणे, आणि येथे मराठी व चिनी अगदी एकाच वाटेने जातात, कारण आपणही दाढी ठेवतो, घालत नाही. इंग्रजीत मात्र दाढी, अत्तर, टाय, पट्टा, चष्मा, लांब केस, चेहऱ्यावरचे हसू या सगळ्यांना एकच 'वेअर' पुरतो.

हे करताना शेजारी मराठीचा स्तंभ आपोआप भरत गेला. साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, शेला पांघरतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, कुंकू आणि चष्मा लावतात, आणि जुन्या बायका दागिने लेत असत. चिनीत दोन मुख्य क्रियापदे आणि काही किरकोळ, तर आपल्याकडे जवळजवळ वस्तूगणिक एक. तो स्तंभ टिपणाच्या कामाचा नाही, हे मला कळत होते, तरी तो पुसवेना.

तक्ता पाठवला. एकूण काम चांगले झाले, असे वाटते आहे.

८ मार्च, शनिवार

काम चांगले झालेले नाही.

सहकारी बाई नोकरी करणाऱ्या मंडळींचा संध्याकाळचा एक छोटा गट घेतात. त्यातील बरेच जण शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकलेले आहेत, कारण चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २००१ साली प्राथमिक शाळांत तिसरीपासून इंग्रजी आणण्याचे धोरण घेतले. या गटाला त्यांनी तक्ता दाखवला आणि नंतर प्रत्येकाला सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंतचा आपला क्रम इंग्रजीत लिहायला सांगितला. वस्तूच्या बाबतीत एकाचीही चूक झाली नाही. होणार तरी कशी? इंग्रजीत एकच क्रियापद असल्यामुळे टोपी असो की बूट, 'वेअर' लिहिले की काम भागते. ज्या फरकावर मी तीन दिवस घालवले, तो इंग्रजीत अस्तित्वातच नाही. माझा तक्ता चिनी शिकणाऱ्या इंग्रजांच्या उपयोगाचा होता. मी टिपण उलट्या दिशेने लिहून बसले होते.

खऱ्या चुका वेगळ्याच जागी निघाल्या. 'ॲट सेव्हन आय वेअर माय क्लोद्ज', 'देन आय वेअर माय शूज अँड गो आउट' अशी वाक्ये जवळपास प्रत्येक कागदावर होती. लिहिणाऱ्याला म्हणायचे आहे की, सात वाजता मी कपडे चढवतो, बूट घालतो आणि निघतो. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र असे कळते की, सात वाजता या माणसाच्या अंगावर कपडे असतात. बाकीच्या वेळी काय असते, असा प्रश्न त्याला पडला, तर दोष त्याचा नाही.

म्हणजे विषय वस्तूंचा नाही, काळाचा आहे.

१० मार्च, सोमवार

आज फक्त याच एका गोष्टीवर काम केले आणि टिपणाचा गाभा हाच राहणार, असे ठरवले.

इंग्रजीत अंगावर चढवण्याची क्रिया एक आणि अंगावर असण्याची स्थिती दुसरी, आणि दोन्हींना वेगवेगळी क्रियापदे आहेत. क्रियेला 'पुट ऑन', स्थितीला 'वेअर'. पहिली काही क्षणांत संपते, दुसरी दिवसभर टिकते. चिनीत हा भेद नाही असे मुळीच नाही. फक्त तो क्रियापदात नसून त्याला जोडल्या जाणाऱ्या छोट्या शब्दांत आहे. 'छ्वान-शांग' म्हटले की घालून झाले आणि 'छ्वान-चअ' म्हटले की घातलेल्या स्थितीत आहे. नुसते 'छ्वान' म्हटले की संदर्भाप्रमाणे दोन्हींपैकी काहीही. शब्दयादीत 'वेअर' समोर नुसते 'छ्वान' छापलेले असल्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात 'वेअर' हा शब्दही दोन्ही अर्थांनी मोकळा राहतो. यात विद्यार्थ्याचा गोंधळ कमी आणि यादीचा आळस जास्त आहे, असे माझे मत झाले आहे.

सगळ्यांत चांगले उदाहरण सहकारी बाईंनी दिले. दारावर थाप पडते, आत कोणी कपडे बदलते आहे. ते चिनीत ओरडून सांगेल, 'वो त्साय छ्वान यीफु', म्हणजे मी कपडे घालतो आहे. यातील 'त्साय' चालू क्रिया दाखवतो, म्हणून चिनी ऐकणारा दाराबाहेर थांबतो. शब्दाला शब्द ठेवून याचे इंग्रजी केले की 'आय ॲम वेअरिंग क्लोद्ज' असे होते, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा लागतो: माझ्या अंगावर कपडे आहेत. बाहेरचा माणूस निर्धास्तपणे दार उघडील. म्हणायला हवे होते 'आय ॲम गेटिंग ड्रेस्ड'. दार बंद राहावे म्हणून बोललेल्या वाक्याने दार उघडले जाते, ही गोष्ट एकदा ऐकलेला विद्यार्थी पुन्हा विसरणार नाही, म्हणून टिपणाची सुरुवात याच प्रसंगाने करायची.

येथे मला मराठी भाषकांच्या इंग्रजीची आठवण होणे अपरिहार्य होते. 'ती लाल साडी नेसली आहे', 'त्याने चष्मा घातला आहे', असे आपण पूर्ण झालेल्या क्रियेच्या रूपाने स्थिती सांगतो, आणि इंग्रजी बोलताना तेच रूप उचलून 'शी हॅज वोर्न अ रेड सारी' म्हणतो. इंग्रजीत त्या जागी 'इज वेअरिंग' हवे. 'बूट घालून निघालो' याचे 'आय वोअर माय शूज अँड लेफ्ट' हेही आपल्याकडे सर्रास ऐकू येते. चेंगडूच्या त्या कागदांवर जी चूक होती, तिला हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

स्थितीचेही दोन प्रकार समजावावे लागतील. 'शी वेअर्स ग्लासेस' म्हणजे तिला चष्मा आहे, आत्ता तो टेबलावर पडलेला असला तरी. 'शी इज वेअरिंग ग्लासेस' म्हणजे या क्षणी डोळ्यांवर आहे. चिनी 'ताय-चअ' आत्ताची स्थिती दाखवतो, तर नुसते 'ताय' सवयीलाही चालते. त्यामुळे 'चअ' दिसला की 'इज वेअरिंग' असा आधार बहुतेक वेळा देता येईल. सगळ्या वेळी नाही, म्हणून टिपणात 'बहुतेक' हा शब्द ठेवला आहे. सहकारी बाईंना तो नको आहे. त्यांच्या मते विद्यार्थ्याला नियम ठाम हवा असतो. शब्द तूर्त राहील.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड असल्यामुळे काम नाही. रंगासाठी कपाटातून एक विरलेला सदरा काढला, तेव्हा लक्षात आले की 'वेअर'चा दुसरा मोठा अर्थ अजून आपण हातातच घेतलेला नाही.

१७ मार्च, सोमवार

दुसरा अर्थ म्हणजे वापराने झिजणे, विरणे, घासले जाणे. कपडा अंगावर जितका घालावा तितका तो विरतो, या साध्या अनुभवातून इंग्रजीत हा अर्थ आला आणि मग कपड्यांपुरता न राहता जिन्याच्या पायऱ्या, गाडीचे टायर, नाण्यावरचा ठसा, माणसाचा धीर अशा सगळ्यांना लागू झाला. 'वेअर आउट' म्हणजे वापरून संपवणे किंवा थकवून टाकणे, आणि 'वेअर ऑफ' म्हणजे औषधाचा किंवा नव्या गोष्टीच्या नवलाईचा परिणाम हळूहळू ओसरणे.

शब्दकोशांत या अर्थासाठी चिनीत घर्षणाने होणारी हानी असा एक भारदस्त जोडशब्द देतात, आणि तो वाचून विद्यार्थ्याला वाटते की, हा वेगळाच कोणता तरी शब्द असून योगायोगाने त्याचे लेखन सारखे आहे. प्रत्यक्षात चिनीतच यापेक्षा सोपा पूल आहे. 'छ्वान-फ्वो' म्हणजे घालून घालून फाटले: पहिला शब्द क्रियेचा, दुसरा तिच्या परिणामाचा. बुटांबद्दल, मोज्यांबद्दल हे रोज बोलले जाते. 'वेअर आउट' समजावण्यासाठी याहून चांगले काही नाही. परिणाम दाखवणारा शब्द क्रियापदामागे ठेवण्याची चिनी रीत आणि 'आउट', 'ऑफ', 'डाउन' हे शब्द क्रियापदामागे ठेवण्याची इंग्रजी रीत यांत जे साम्य आहे, ते शाळेत सांगत नाहीत. मी मूळ आराखड्यात नसलेला एक परिच्छेद यासाठी वाढवला.

रूपांबद्दल फार लिहायचे नाही: 'वेअर', 'वोअर', 'वोर्न'. चिनी क्रियापदाला काळानुसार रूपे नसल्यामुळे ती पाठच करावी लागतात. एक गंमत मात्र नोंदवते: जुन्या इंग्रजीत याचा भूतकाळ नियमित होता, पुढे 'बेअर' आणि 'स्वेअर' या क्रियापदांच्या संगतीत राहून त्याने त्यांची 'ओ'ची चाल उचलली.

२१ मार्च, शुक्रवार

गटाच्या नव्या कागदांत एक वेगळी चूक सापडली आणि तिचे कारण शोधण्यात सकाळ गेली. एकाने लिहिले होते, 'प्लीज ब्रिंग युअर मास्क इन द हॉस्पिटल'. सोबत आणा, असे त्याला म्हणायचे नव्हते. लावून ठेवा, असे म्हणायचे होते.

कारण चिनी उच्चारात आहे. परिधान करणे या अर्थाचा 'ताय' आणि सोबत नेणे-आणणे या अर्थाचा 'ताय' यांचा उच्चार आणि सूर तंतोतंत एक आहे. फक्त चित्राक्षरे वेगळी. 'ताय खौचाओ' हे कानाने ऐकले तर मास्क लावा आणि मास्क आणा यांत फरक करता येत नाही, संदर्भावरूनच कळते. चिनी मुले लिहिताना या दोन अक्षरांत नेहमी गल्लत करतात आणि मोठी माणसेही त्यातून सुटलेली नाहीत. त्यामुळे जो मनात चिनी वाक्य ऐकून त्याचे इंग्रजी करतो, त्याच्या हातून 'वेअर'च्या जागी 'ब्रिंग' जाऊ शकते. ही चूक इंग्रजीच्या अज्ञानातून आलेली नाही, हे टिपणात दोन ओळींत सांगायचे ठरले. आमच्या तपासणीत चेहऱ्यावर हसू 'वेअर' करण्याचे उदाहरणही येथेच अडकले, कारण चिनीत हसू चेहऱ्यावर 'सोबत असते' आणि त्यासाठी दुसरा 'ताय' लिहितात. ते उदाहरण काढून टाकले.

२४ मार्च, सोमवार

उतरवण्याची क्रियापदे घेतली. इंग्रजीत सगळ्यांना 'टेक ऑफ'. चिनीत जे 'छ्वान' केले ते 'थ्वो' करायचे आणि जे 'ताय' केले ते 'चाय' करायचे, म्हणजे खुडायचे. फूल किंवा फळ खुडायला जे क्रियापद आहे, तेच चष्मा, घड्याळ आणि मास्क काढायला. चष्मा नाकावरून खुडून घेण्याची ही कल्पना मला फार आवडली. पण पुन्हा तीच गोष्ट: इंग्रजी शिकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. एक वाक्य ठेवून पुढे गेले.

'ड्रेस'बद्दल मात्र चार ओळी आवश्यक आहेत, कारण 'शी ड्रेसेस अ रेड कोट' अशी वाक्ये येतात. 'ड्रेस' या क्रियापदाचे कर्म माणूस असतो, कपडा नव्हे: आई मुलाला 'ड्रेस' करते, कोटाला नाही. कपडा सांगायचाच असेल तर 'ड्रेस्ड इन'. आणि नुसते 'इन'देखील पुरते: काळ्या टोपीतला माणूस, 'द मॅन इन द ब्लॅक हॅट'. मराठीतही आपण तसेच म्हणतो, त्यामुळे हे लिहिताना हात थांबला नाही.

वाक्प्रचारांवरून वाद झाला. चिनीत एखाद्याला उंच टोपी घालणे म्हणजे त्याची खुशामत करणे, तोकडे बूट घालायला लावणे म्हणजे अधिकाराच्या जोरावर छळणे, आणि हिरवी टोपी घालणे म्हणजे बायकोने नवऱ्याशी प्रतारणा केली असणे. सहकारी बाईंना हे तिन्ही टिपणात हवे होते, कारण वाचताना मजा येते. माझे म्हणणे असे पडले की, त्यांचे शब्दशः इंग्रजी केले तर कोणाला काहीच कळणार नाही, आणि टिपण इंग्रजी शब्दाचे आहे. मराठीत टोपी घालणे म्हणजे फसवणे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या की, मग आपल्या दोन देशांत टोपी भेट देताना जपूनच राहिले पाहिजे. शेवटी वाक्प्रचार वगळले.

३० मार्च, रविवार

आज गुढीपाडवा. नऊवारी नेसलेला फोटो सहकारी बाईंना पाठवला, तर त्यांनी लगेच विचारले की, याला मराठीत कोणते क्रियापद? चिनीत साडीला 'शाली' म्हणतात आणि ती सरळ 'छ्वान' करतात, शिवलेल्या कपड्यासारखीच. नेसणे हे क्रियापद न शिवलेल्या, गुंडाळून बांधायच्या वस्त्रालाच लागते, सदऱ्याला लागत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी माझा ५ मार्चचा मराठी स्तंभ परत मागवला.

त्यांना कळवलेली दुसरी गोष्ट येथे लिहून ठेवते, कारण टिपणात तिला जागा नाही. 'वेअर' आणि 'नेसणे' हे दूरचे भाऊबंद आहेत. संस्कृतात 'वस्' हा आच्छादणे, अंगावर घेणे या अर्थाचा धातू आहे. वस्त्र आणि वसन हे शब्द त्याचेच. 'नि' उपसर्गासह त्याची जी रूपे झाली, ती पालीत 'निवासेति' अशी दिसतात आणि मराठीत घासून घासून 'नेसणे' एवढी उरली. त्याच मूळ धातूचे लॅटिनमध्ये 'वेस्टिस' म्हणजे वस्त्र झाले, आणि जर्मानिक भाषांच्या शाखेत त्यातील 'स'चा आधी 'झ' आणि नंतर 'र' होऊन जुन्या इंग्रजीत 'वेरिअन' हे क्रियापद आले, जे आजचे 'वेअर'. चिनी या कुळातली नसल्यामुळे 'छ्वान'चा या गोतावळ्याशी काही संबंध नाही. इतके दिवस मी हा शब्द परका म्हणून हाताळत होते.

७ एप्रिल, सोमवार

चीनमध्ये ४ एप्रिलपासून छिंगमिंगची, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करण्याच्या सणाची, तीन दिवस सुटी होती. आज सहकारी बाई कामावर आल्या आणि टिपणाची चिनी प्रत पूर्ण झाली. क्रम असा राहिला: दारावरच्या थापेचा प्रसंग, मग 'पुट ऑन' आणि 'वेअर', मग सवय आणि आत्ताची स्थिती, मग 'ड्रेस', मग झिजण्याचा अर्थ, शेवटी 'ब्रिंग'च्या चुकीबद्दलच्या दोन ओळी. वस्तूंचा तक्ता काढून टाकला, त्याऐवजी एकच वाक्य ठेवले: 'छ्वान' असो की 'ताय', इंग्रजीत 'वेअर'. 'बहुतेक' हा शब्द राहिला. त्याच्या बदल्यात मी सरावाची दोन वाक्ये सोडून दिली.

गटाने सकाळचा क्रम पुन्हा लिहिला. कपडे, बूट आणि चष्मा यांच्यापुढे आता 'पुट ऑन' आले आहे. काहींनी इतक्या निष्ठेने ते घातले आहे की 'माय बॉस ऑल्वेज पुट्स ऑन अ ब्लॅक सूट' अशी वाक्ये तयार झाली आहेत, जिथे सवयीसाठी 'वेअर' हवे होते. म्हणजे गाडी एका बाजूला कललेली होती ती दुसऱ्या बाजूला कलली. सवयीच्या परिच्छेदात अशाच एका साहेबाचे उदाहरण घालावे लागेल.

एक वाक्य अजून सुटलेले नाही. थंडी पडली की चिनी आई मुलाला जे 'त्वो छ्वान त्येन' म्हणते, म्हणजे अजून थोडे घाल, आणि ज्यात बहुधा 'छ्यौखू' या आतून घालायच्या उबदार विजारीचा आग्रह दडलेला असतो, त्याचे इंग्रजी एकीने 'वेअर मोर' असे केले आहे. इंग्रज आई 'पुट समथिंग वॉर्म ऑन' म्हणेल, किंवा 'रॅप अप वॉर्म'. सहकारी बाईंच्या मते या दोन्हींत तो आग्रह उतरत नाही. आपल्या 'स्वेटर घालून जा' या वाक्यात तो उतरतो, असे मी त्यांना सांगितले. पण ते टिपणात कसे लिहायचे, यावर उद्या सकाळी बोलायचे ठरले आहे.